धुळीचा प्लाझ्मा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"म्हणजे तुम्ही धुळीवर पीएचडी केलीत?" हा प्रश्न लग्नकार्यांत हमखास येतो आणि त्याचं उत्तर "हो" असं आहे. बाकीचे प्रश्न विद्यार्थ्यांचे, शिक्षकांचे आणि व्याख्यान संपल्यावर चपला घालता घालता थांबलेल्या श्रोत्यांचे. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या खोलीचे नाहीत.

धुळीचा प्लाझ्मा म्हणजे नेमकं काय?

वायूला पुरेशी ऊर्जा दिली की त्यातल्या काही अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. हे सुटे इलेक्ट्रॉन, मागे उरलेले धनभारित आयन आणि न फुटलेले अणू अशी जी मिसळ तयार होते ती प्लाझ्मा. पेटलेल्या ट्यूबलाइटमध्ये ती असते, विजेच्या लोळात असते, सूर्य तर अख्खा तिचाच आहे. तिच्यात घन पदार्थाचे बारीक कण सोडले, किंवा ते आपोआप तयार झाले, की झाला धुळीचा प्लाझ्मा. कण काही नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत कितीही असू शकतात. आमच्या प्रयोगांत सर्रास वापरला जाणारा कण ७ मायक्रोमीटर व्यासाचा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा.

इथे एक बारकावा आहे. प्लाझ्मात भारित कणाभोवती विरुद्ध भाराचं एक आवरण जमतं आणि त्या आवरणापलीकडे कणाचा प्रभाव जवळपास पोचत नाही. या अंतराला डिबाय लांबी म्हणतात. प्रयोगशाळेत ती मिलिमीटरचा दहावा भाग, अशा मापाची असते. कण एकमेकांपासून याहून खूप दूर असतील तर प्रत्येक जण आपापला. त्याला प्लाझ्मात पडलेली धूळ म्हणावं. अंतरं डिबाय लांबीच्या आसपास आली की कणांना शेजार कळू लागतो आणि सगळी धूळ मिळून एकत्र वागते. खरी गंमत तिथून पुढे.

मराठीत याला शब्द नाही का? आणि रक्तातला प्लाझ्मा वेगळा ना?

वेगळा. रक्तातला तो पिवळसर द्रव. नावापलीकडे दोघांचं नातं नाही. वायूच्या या अवस्थेला 'प्लाझ्मा' हे नाव अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये दिलं. मराठी विश्वकोशाने त्यासाठी 'आयनद्रायू' हा शब्द वापरला आहे. मला तो आवडतो, पण वर्गात मी प्लाझ्माच म्हणते, कारण 'धूलियुक्त आयनद्रायू' म्हटल्यावर मागच्या बाकावरची दोन मुलं तरी झोपतात. संशोधक याच विषयाला 'कॉम्प्लेक्स प्लाझ्मा' असंही म्हणतात. निधी मागताना ते नाव बरं दिसतं.

उन्हाळ्यात रस्त्यावर उडते ती धूळ म्हणजे हेच का?

नाही. तिथे धूळ आहे, प्लाझ्मा नाही.

प्लाझ्मात सोडलेला कण ऋणभारित होतो म्हणतात. पण दोन्ही भार प्लाझ्मात असताना कण ऋणच का होतो?

हा प्रश्न ज्याला पडतो त्याला अर्धा विषय कळलेला असतो. उत्तर वेगात आहे. प्रयोगाच्या पात्रात आम्ही आर्गॉन वायू भरतो, आणि त्याचा आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३,००० पट जड. शिवाय आमच्या पात्रातल्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉनांचं तापमान तीसेक हजार अंश असतं, आणि आयन मात्र जवळजवळ खोलीच्याच तापमानाला असतात. हलके आणि तापलेले इलेक्ट्रॉन कणावर आधी येऊन आदळतात आणि चिकटतात. कण ऋण होतो. ऋण झाला की तो पुढच्या इलेक्ट्रॉनांना हाकलू लागतो आणि आयनांना बोलावू लागतो. शेवटी दोघांची आवक सारखी होते आणि भार स्थिरावतो. मायक्रोमीटर मापाच्या कणाला हे सगळं उरकायला सेकंदाचे काही दशलक्षांश भाग पुरतात.

भार किती, याचा हिशेब वहीच्या कोपऱ्यात मावतो. १ मायक्रोमीटर त्रिज्येचा कण उणे १ व्होल्टला असेल तर त्यावर सुमारे ७०० जादा इलेक्ट्रॉन बसलेले असतात. त्रिज्या दुप्पट केली तर इलेक्ट्रॉन दुप्पट, व्होल्ट दुप्पट केले तरी दुप्पट. म्हणजे आपला ७ मायक्रोमीटर व्यासाचा कण उणे ४ व्होल्टला असेल तर त्यावर साधारण १०,००० इलेक्ट्रॉन. निसर्गात एका अणूवरून पाच-दहा इलेक्ट्रॉन काढायचे म्हटले तर केवढा खटाटोप करावा लागतो, ते आठवा.

आणखी एक. इलेक्ट्रॉनचा भार कधी बदलत नाही, आयनाचाही सहजासहजी बदलत नाही. धूलिकणाचा मात्र परिस्थितीप्रमाणे बदलतो. प्लाझ्मा दाट झाला, विरळ झाला, शेजारी दुसरा कण आला, की कणाच्या अंगावरचे इलेक्ट्रॉन कमीजास्त होतात. पाठ्यपुस्तकातली बहुतेक समीकरणं भार स्थिर धरून लिहिलेली असतात, त्यामुळे इथे ती नव्याने मांडावी लागतात. कण उन्हात ठेवला तर पारडंच फिरतं: सूर्याचे अतिनील किरण त्याच्यावरचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि कण धन होतो. अवकाशातल्या धुळीचं बरंचसं नाट्य या दोघांच्या ओढाताणीत आहे.

कण हवेत तरंगतो कसा? खाली का पडत नाही?

पुन्हा तोच कण घेऊ. आपण वापरतो ते गोळे मेलामाइन-फॉर्मल्डिहाइड या प्लास्टिकचे; जेवणाच्या मेलामाइन प्लेटींच्या नात्यातलेच. घनता पाण्याच्या दीडपट. ७ मायक्रोमीटरच्या गोळ्याचं वस्तुमान भरतं पाव नॅनोग्रॅमच्या थोडं वर. त्यावर १०,००० इलेक्ट्रॉन असतील तर त्याचं वजन तोलायला दर सेंटिमीटरला साधारण १७ व्होल्ट एवढं विद्युतक्षेत्र लागतं. हे क्षेत्र बाहेरून वेगळं लावावं लागत नाही. प्लाझ्मा कुठल्याही भिंतीला टेकला की भिंतीलगत एक पातळ पट्टा तयार होतो. त्यात क्षेत्र जोरदार असतं आणि ते ऋण कणाला भिंतीपासून दूर ढकलतं. खालच्या विद्युत्‌अग्रावर, म्हणजे इलेक्ट्रोडवर, असा पट्टा असतो. कण गुरुत्वाने खाली येतात, पट्ट्याने वर ढकलले जातात, आणि दोन्ही ओढी जिथे सारख्या होतात तिथे अधांतरी राहतात.

बाजूला पळून जाऊ नयेत म्हणून विद्युत्‌अग्रावर एक धातूचं कडं ठेवतात. बास. बाकी आयनांच्या प्रवाहाचा रेटा असतो, वायूचं घर्षण असतं, आणि पात्राची एक बाजू तापली तर कण थंड बाजूकडे सरकतात. उन्हाळ्यात दुपारी आमचा ढग सकाळच्या जागेवर नसायचा, त्याचं कारण शोधायला मला दोन आठवडे लागले होते. खिडकी.

प्लाझ्मा स्फटिक म्हणजे काय? वायूचा स्फटिक कसा होईल?

वायूचा होत नाही, धुळीचा होतो. प्रत्येक कणावर हजारो इलेक्ट्रॉन आहेत, सगळे कण ऋण आहेत, म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याला दूर लोटतो. पण कड्यामुळे पळायला जागा नाही. गर्दीच्या लोकलमध्ये थोड्या वेळाने प्रत्येकाला आपली उभं राहायची जागा सापडते, तसे कण रचनेत बसतात. वरून पाहिलं तर मधाच्या पोळ्यासारखी षट्‌कोनी मांडणी दिसते.

कण रचनेत बसतील की भटकतील, हे दोन ऊर्जांच्या गुणोत्तरावर ठरतं: कणांची एकमेकांना ढकलण्याची ऊर्जा भागिले त्यांची उष्णतेने होणारी वळवळ. या गुणोत्तराला गॅमा म्हणतात. आवरणाचा परिणाम सोडून दिला तर गॅमा १७० च्या आसपास गेल्यावर भारित कणांचा संच गोठतो. साध्या प्लाझ्मात गॅमा एकाहून कितीतरी कमी असतो. धुळीत मात्र भाराचा वर्ग होतो, आणि दहा हजाराचा वर्ग म्हणजे दहा कोटी. त्यामुळे खोलीच्या तापमानालाही गॅमा सहज हजारांत जातो. एच. इकेझी यांनी १९८६ मध्ये हे कागदावर मांडलं. १९९४ मध्ये तीन ठिकाणी, जवळजवळ एकाच वेळी, ते प्रत्यक्षात दिसलं: जर्मनीत ग्रेगर मॉर्फिल आणि ह्युबर्टस थॉमस यांच्या गटाला, तैवानमध्ये चू आणि लिन यांना, आणि जपानमध्ये हयाशी आणि ताचिबाना यांना.

मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरीन यांच्यातलं अंतर पाव नॅनोमीटरच्या थोडं वर. धुळीच्या स्फटिकात दोन कणांमध्ये मिलिमीटरचे दोन-तीन दशांश. म्हणजे तोच नकाशा सुमारे दहा लाख पट मोठा करून कुणी तुमच्यासमोर धरावा तसं. म्हणूनच या विषयाला एवढे लोक चिकटून आहेत. स्फटिक कडेने वितळायला सुरुवात होते की मधून, एखादी चुकलेली ओळ सरकते कशी, हे अणूंच्या बाबतीत आपण आडून-आडून ओळखतो. इथे एकेका कणावर बोट ठेवून सांगता येतं.

"दिसतं" म्हणता, ते डोळ्यांना की संगणकावर?

डोळ्यांना. लेझरचा किरण दंडगोल भिंगातून नेऊन त्याचा पातळ पडदा करतात आणि तो ढगातून आडवा घालतात. दारं लावलेल्या माजघरात कौलातून कवडसा पडावा आणि त्यात कण नाचताना दिसावेत, अगदी तसं. फरक एवढाच की हे कण नाचत नाहीत, ओळीत उभे असतात. कवडशात दिसणाऱ्या अशा कणाला संस्कृतात त्रसरेणू म्हणतात. जुन्या लोकांनी त्यावरून अणूचा विचार केला होता. इथे त्रसरेणूच अणूची भूमिका करतो आहे.

दुसरी सोय म्हणजे मंदपणा. आपला ७ मायक्रोमीटरचा कण आर्गॉनच्या आयनापेक्षा सुमारे ४ लाख कोटी पट जड. इतकं जड काही हललं तर संथच हलणार. इलेक्ट्रॉनांची कंपनं सेकंदाला कोट्यवधी वेळा होतात; धुळीची काही दहा वेळा. त्यामुळे साधासा व्हिडिओ कॅमेराही चालतो.

आणि लाटा. धुळीच्या ढगातून घनता-विरळतेचे पट्टे सरकत जातात, जोंधळ्याच्या उभ्या पिकावरून वारा जावा तसे. यांना धूलि-ध्वनी लहरी म्हणतात. एन. एन. राव, पद्मकांत शुक्ला आणि एम. वाय. यू यांनी १९९० मध्ये त्यांचं गणित मांडलं. उत्तर प्रदेशात जन्मलेले शुक्ला जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठात होते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात बर्कान, मर्लिनो आणि डी'अँजेलो यांनी या लहरींची छायाचित्रं काढली: तरंगलांबी साधारण ६ मिलिमीटर, वेग सेकंदाला सुमारे ९ सेंटिमीटर. हवेतल्या ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास असतो हे लक्षात घेतलं तर ही लहर रांगतेच म्हणायची. धुळीच्या स्फटिकात तर ध्वनी सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरच जातो, त्यामुळे त्याच्याखालून मुंगीच्या चालीने सरकणारा एखादा चुकार कणसुद्धा 'स्वनातीत' ठरतो आणि लढाऊ विमानामागे उमटतो तसा शंकू मागे सोडतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसले होते.

हा विषय सुरू कुठून झाला?

लँगम्यूर यांनी १९२४ मध्येच एका विद्युत् विसर्गात टंगस्टनचे सूक्ष्म गोळे तरंगताना पाहिले होते. पुढे बरीच वर्षं त्याकडे कुणी फारसं वळलं नाही. मग दोन गोष्टी घडल्या, एक शनीवर आणि एक कारखान्यात.

नोव्हेंबर १९८० मध्ये व्हॉयेजर १ शनीजवळून गेलं. त्याच्या चित्रांत 'ब' कड्यावर सायकलच्या आऱ्यांसारखे पट्टे दिसले, हजारो किलोमीटर लांब. कड्याचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा वेगाने फिरतो, म्हणून असा सरळ पट्टा वाकून विस्कटायला हवा. पण हे पट्टे पाहता पाहता उमटत होते, टिकत होते आणि विरत होते. गुरुत्वाने हे समजेना. पुढून येणाऱ्या प्रकाशात काळे आणि मागून येणाऱ्या प्रकाशात उजळ दिसत होते, त्यावरून कण मायक्रोमीटर मापाचे असणार हे कळलं. म्हणजे कड्यावरून विद्युतभारामुळे उचलली गेलेली बारीक धूळ. गोएर्ट्झ आणि मॉर्फिल यांनी १९८३ मध्ये उल्कापातातून उठलेल्या प्लाझ्माचं स्पष्टीकरण दिलं. होय, हेच ते स्फटिकवाले मॉर्फिल. कॅसिनी यानाला आरे पुन्हा २००५ मध्ये दिसले. ते शनीच्या विषुवदिनाच्या आगेमागे जास्त दिसतात. त्यांची ठिणगी नेमकी कशाने पडते यावर अजून एकमत नाही, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही.

आणि कारखान्यातली गोष्ट?

संगणकाच्या चिपा कोरायला प्लाझ्मा वापरतात. चिपेवर एक कण पडला तरी ती बाद. म्हणून कंपन्यांनी खोल्या धुतल्या, हवा गाळली, कामगारांना डोक्यापासून पायापर्यंत झाकलं. तरी धूळ येतच राहिली. आयबीएममधले गॅरी सेल्विन प्लाझ्मात लेझर सोडून दुसरंच काही मोजत होते. १९८९ मध्ये त्यांना सिलिकॉनच्या चकतीच्या वर धुळीची लख्ख कडी तरंगताना दिसली. धूळ बाहेरून येत नव्हती. ज्या यंत्रात चिप स्वच्छ कोरायची त्याच यंत्रातला प्लाझ्मा ती तयार करत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. यंत्र चालू असेपर्यंत कण अधांतरी, आणि काम संपवून वीज बंद केली की सगळे चकतीवर.

एकदा हे कळल्यावर उपाय सुचले. विद्युत्‌अग्रावर चरे पाडून कणांना पंपाकडे वळवायचं, वीज बंद करताना वायूचा प्रवाह सांभाळायचा, असे. आज अतिनीलच्याही पलीकडच्या प्रकाशाने चिपा छापणाऱ्या यंत्रांत तो प्रकाशच थोडा प्लाझ्मा तयार करतो, आणि तिथे धूळ कशी हलते हा प्रश्न परत आला आहे.

याचीच उलटी बाजूही आहे. सिलेन वायूच्या प्लाझ्मात सिलिकॉनचे कण आधी काही नॅनोमीटरचे होतात, मग एकमेकांना चिकटून भराभर वाढतात. कारखानदाराला जो रोग, तोच नॅनोकण हवे असणाऱ्याला प्रसाद: प्लाझ्मा नेमक्या क्षणी बंद केला की हव्या त्या मापाचे कण हाती येतात.

यासाठी अवकाश स्थानक कशाला?

जमिनीवर गुरुत्वामुळे कण खालच्या पट्ट्यात दाबले जातात आणि स्फटिक पोळीसारखा चपटा राहतो. उंच, तिन्ही दिशांनी सारखा ढग हवा असेल तर वजन घालवावं लागतं. म्हणून २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर रशियन-जर्मन उपकरण बसलं. स्थानकावरच्या अगदी पहिल्या विज्ञानप्रयोगांपैकी हा एक. रशियन शास्त्रज्ञ अनातोली नेफेदोव यांचं त्याच वर्षी निधन झालं आणि उपकरणाला त्यांचं नाव मिळालं. २००६ मध्ये पीके-३ प्लस आलं, आणि २०१४ मध्ये युरोपच्या कोलंबस विभागासाठी पीके-४.

गंमत अशी की वजन गेल्यावर सगळ्यांना वाटलं ढग पात्रभर पसरेल. पसरला, पण मधोमध पोकळी ठेवून, मेदूवड्यासारखा. प्लाझ्माच्या मध्यातून बाहेर वाहणारे आयन कणांना रेटत बाहेर नेत होते. पृथ्वीवर गुरुत्वाच्या धबडग्यात हा रेटा दुय्यम वाटायचा. वर तोच मालक. पीके-४ मध्ये काचेच्या नळीत विद्युत्‌क्षेत्राची दिशा झपाझप उलटवतात, त्यामुळे कण माळेत ओवल्यासारखे रांगेत येतात.

चंद्रावरची धूळ याच विषयात येते का?

येते, आणि आता भारतालाही तिचं सोयरसुतक आहे. चंद्राला हवा नाही. दिवसा अतिनील किरणांनी जमीन काही व्होल्ट धन होते, रात्री सौरवाऱ्यातल्या इलेक्ट्रॉनांनी ऋण. सर्व्हेयर यानांना सूर्यास्तानंतर क्षितिजावर मंद उजेड दिसला होता. अपोलो १७ च्या यूजीन सर्नन यांनी कक्षेतून दिसलेल्या प्रकाशाची रेखाटनं केली. यावरून उंच उडणाऱ्या भारित धुळीची कल्पना रूढ झाली. पण २०१३-१४ मध्ये लॅडी यानाने तपासलं तेव्हा तेवढी दाट बारीक धूळ उंचावर सापडली नाही. जो ढग सापडला तो सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने उडणाऱ्या कणांचा होता. जमिनीलगत भाराने उचलले जाणारे कण हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

चांद्रयान-३ च्या विक्रमवर रंभा नावाचा लँगम्यूर शोधक होता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने दक्षिण ध्रुवाकडच्या भागात जमिनीजवळचा प्लाझ्मा मोजला: दर घनमीटरला साधारण ५० लाख ते ३ कोटी इलेक्ट्रॉन. ऐकायला मोठा आकडा, पण आमच्या पात्रात तेवढ्याच जागेत याच्या कोट्यवधी पट असतात. चंद्रावर माणूस राहायला गेला तर ही धूळ सांध्यांत, भिंगांवर, फुप्फुसांत जाणार. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिचा ताप सोसला आहे. तिला विद्युतक्षेत्रानेच झटकायची नासाची एक ढाल २०२५ मध्ये ब्लू घोस्ट यानावर चंद्रावरच तपासली गेली.

पृथ्वीच्या वातावरणात हे कुठे असतं?

८० ते ८५ किलोमीटर उंचीवर, ध्रुवांकडच्या उन्हाळ्यात. तिथे बर्फाचे अतिसूक्ष्म कण जमतात, सूर्य मावळल्यावरही ते चमकतात, म्हणून त्यांना निशादीप्त ढग म्हणतात. कणांवर भार असल्याने रडारला तिथून विलक्षण जोरदार प्रतिध्वनी येतात. महाराष्ट्रातून ते दिसायचे नाहीत.

संमीलन भट्टीत धुळीचं काय काम?

काम नाही, उपद्रव आहे. टोकामाक या प्रकारच्या संमीलन भट्टीत तापलेला प्लाझ्मा भिंती खरवडतो आणि त्यातून कार्बन किंवा टंगस्टनची धूळ होते. ती ट्रिटियम हे भट्टीचं इंधन धरून ठेवते, आणि ट्रिटियम किरणोत्सारी. पाण्याची गळती झाली तर तापलेल्या धुळीवर वाफेतून हायड्रोजन निघू शकतो. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर प्रकल्पात भारत भागीदार आहे. तिथे सुरक्षेच्या हिशेबात धुळीला वेगळा रकाना आहे.

भारतात यावर कोण काम करतं?

पहिलं नाव गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचं. तिचे संस्थापक-संचालक पी. के. काव आणि त्यांचे सहकारी अभिजित सेन यांनी १९९८ मध्ये एक सुंदर विधान केलं. आडवी लहर, म्हणजे दोरी झटकल्यावर जाते तशी, घन पदार्थातून जाते. द्रवाला सहसा तो ताठपणा नसतो. काव आणि सेन म्हणाले, जोरदार बांधलेली, म्हणजे गॅमा मोठा असलेली, धूळ द्रव असली तरी तिच्यातून आडवी लहर जाईल. २००२ मध्ये त्याच संस्थेतल्या प्रयोगात ती दिसली.

तिथलंच दुसरं काम मला जास्त व्यवहारी वाटतं. पृथ्वीभोवती सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान कचरा फिरतो. रडारला तो सापडत नाही, पण उपग्रहाला भोक पाडतो. हा तुकडा भारित असतो आणि आयनावरणातून त्या प्लाझ्माच्या ध्वनीपेक्षा वेगाने जातो. सेन आणि सहकाऱ्यांचं म्हणणं असं की तो आपल्या पुढे एकाकी लहरी सोडत जाईल, आणि त्या पकडल्या तर तुकडा येण्याआधी त्याची वर्दी मिळेल. हे अवकाशात तपासणं महाग. म्हणून त्यांच्या संस्थेत काचेच्या नळीत धूळ तरंगवून, ती एका तारेवरून वेगाने वाहवून, २०१६ मध्ये तारेच्या पुढे निघणाऱ्या अशा लहरी प्रत्यक्ष दाखवल्या गेल्या.

गुवाहाटीत आयएएसएसटी ही विज्ञान-तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि सोनापूरचं प्लाझ्मा भौतिकी केंद्र आहे. महाराष्ट्रात नवी मुंबईत, नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिथे अवकाशातल्या प्लाझ्माच्या लहरींचं सैद्धांतिक काम चालतं.

प्लाझ्मात "जिवंत धूळ" सापडली, हे खरं का?

दर दोन-तीन वर्षांनी हा संदेश फिरतो. मूळ २००७ चा एक शोधनिबंध आहे. संगणकावरच्या सदृशीकरणात, म्हणजे सिम्युलेशनमध्ये, धुळीचे कण सर्पिल रचनेत येतात, त्यांची विभागणी होऊ शकते, असं त्यात होतं, आणि लेखकांनी शीर्षकात 'असेंद्रिय सजीव पदार्थ' असे शब्द घातले. लेखकांत नामवंत मंडळी होती. माझं मत विचाराल तर भौतिकी चांगली, शीर्षक उतावळं. सर्पिल दिसलं म्हणून डीएनए होत नाही. जिलेबीही वळलेलीच असते.

जखमा भरणारा प्लाझ्मा तो हाच का?

नाही, त्यात धूळ नसते. गोंधळ होतो कारण माणसं तीच. मॉर्फिल यांचा गट पुढे थंड प्लाझ्माने जखमेतले जंतू मारण्याकडे वळला.

घरी करून पाहता येईल का?

कृपया नको. निर्वात काचपात्र फुटलं तर आत कोसळून तुकडे उडतात, विद्युतदाब शेकडो व्होल्टचा असतो, आणि ही पूड श्वासात जाण्याइतकी बारीक असते. कॉलेजात निर्वात पंप आणि जाणकार शिक्षक असतील तर गोष्ट वेगळी. तसं सामान फार नाही: पात्र, पंप, थोडा आर्गॉन, वीजपुरवठा, लेझर, कॅमेरा आणि कण टाकायला एक हलणारी डबी, जिचं तत्त्व मीठदाणीचं आहे. पात्रातला दाब वातावरणाच्या दहा-हजाराव्या भागाच्या आसपास. सगळं जमल्यावर फिकट जांभळा उजेड दिसतो.

प्रयोग नको असेल तर सदृशीकरण करा. प्रत्येक जोडीत आवरणयुक्त प्रतिसारण, थोडं घर्षण, एक भांडं. शंभर कणांचा संगणक-कार्यक्रम बीएस्सीचा विद्यार्थी आठवडाभरात लिहितो आणि त्याला षट्‌कोन दिसतात. फक्त एक ध्यानात ठेवा. खऱ्या पात्रात वरच्या कणामागे आयनांची शेपूट तयार होते. ती खालच्या कणाला ओढते, पण खालचा वरच्याला तितकं ओढत नाही. क्रिया-प्रतिक्रिया बरोबरीची नाही. न्यूटन चुकलेला नाही, राहिलेला संवेग आयन घेऊन जातात. पण नुसत्या कणांचा हिशेब ठेवणाऱ्या कार्यक्रमात हे येत नाही, आणि मग प्रयोगातला ढग आपणहून तापताना दिसला की विद्यार्थी रात्रभर चूक शोधत बसतो.

यात पीएचडी करायची तर?

एमएस्सी भौतिकशास्त्र, जेस्टसारखी प्रवेश परीक्षा, आणि चिवटपणा. विद्युतगतिकी आणि सांख्यिकी भौतिकी पक्की हवी. प्रतिमांवर प्रक्रिया करणारा कार्यक्रम स्वतः लिहिता येत असेल तर पहिलं वर्ष वाचतं, कारण आमचं निम्मं आयुष्य व्हिडिओतले ठिपके मोजण्यात जातं.

प्रयोग संपल्यावर ती धूळ कुठे जाते?

वीज बंद केली की जांभळा उजेड विझतो आणि लेझरच्या पडद्यात कण पावसाच्या बारीक सरीसारखे खाली येतात. सगळे सारख्या चालीने येत नाहीत. प्लाझ्मा गेल्यावरही प्रत्येकावर थोडा भार उरतो, आणि आडवं विद्युतक्षेत्र लावलं तर काही कण डावीकडे झुकतात, काही उजवीकडे; त्यावरून उरलेला भार मोजतात. मग पात्र उघडायचं, मास्क लावायचा, न झडणाऱ्या कापडाला अल्कोहोल लावून खालचा विद्युत्‌अग्र पुसायचा. पहिल्या वर्षी मी डबी जोरात हलवून पन्नास प्रयोगांची पूड एकदम ओतली होती. ते पुसायला चार दिवस लागले, आणि पुढचा महिनाभर प्रत्येक ढगात कुठूनतरी एखादा आगंतुक कण यायचाच.